अठरा गडी

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

काल सकाळी हे गेले. आंघोळ करून खाटेवर बसले ते बसलेच. एकोणचाळीस वर्षांचे होते. रात्रीपासून आम्ही सगळे पाथर्डीकडे गावी आलो आहोत. घाईत भरलेल्या पिशवीत यांच्या कॉम्प्युटर क्लासच्या हजेरीची एक कोरी वही आली. मला कुणाशी बोलता येत नाही, म्हणून या वहीत लिहिते आहे.

दुपारी यांच्या मित्राचा, सुमंत भाऊजींचा, फोन आला. हे आणि भाऊजी मिळून 'नऊ पाट्या' चालवत होते. मोबाईलवरच्या आट्यापाट्या. इकडचे नऊ, तिकडचे नऊ, सगळे आपापल्या मोबाईलवर. भाऊजींनी विचारलं, "वहिनी, संध्याकाळचा खेळ चालू ठेवायचा ना?" मी मामांना विचारलं.

मामा, म्हणजे माझे सासरे, ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "गावात मानूस गेलं तर पिठाची गिरनीबी बंद ऱ्हाती. ह्यो तर त्यानंच मांडलेला खेळ. दिवस हुईस्तवर बंदच ऱ्हाऊ दे." आत्याबाई, माझ्या सासूबाई, म्हणाल्या, चितेची राख निवली नाही तोवर लोकं नाचायची का.

मी भाऊजींना तेरा दिवस सांगितले. ते म्हणाले, तीन दिवस ठेवूया का, तेरा फार होतात. मी म्हटलं, आमच्यात तेराच असतात. ते बरं म्हणाले.

सूचना मीच लिहिली. 'कानिफनाथ गेले. तेरा दिवस खेळ बंद राहील.' सहाशेच्या वर लोकांनी हात जोडलेले पाठवले. माणसं किती धरून आहेत.

२३ नोव्हेंबर, शनिवार

काल तेरावा झाला. आज केडगावला घरी आले. मागच्या खोलीत यांची खुर्ची तशीच होती, मी बाजूला स्टुलावर बसले. बरोबर सात वाजता भाऊजींनी त्यांच्या सावेडीच्या घरून खेळ सुरू केला.

आधी रोज दोनशे-सव्वादोनशे गडी यायचे. एका वेळी दहा-बारा डाव चालायचे. आज एकेचाळीस आले. दोन डाव भरले, पाच जण उरले. लोकांना कळलं नसेल. उद्या पुन्हा सूचना टाकते.

१ डिसेंबर, रविवार

तेहतीस.

हा खेळ कसा निघाला ते लिहून ठेवते, नाहीतर माझ्याही लक्षात राहणार नाही. मामा आणि आत्याबाई वर्षानुवर्षं ऊसतोडीला जायचे, हेही लहानपणी त्यांच्याबरोबर कोप्यांवर, फडावरच्या पाचटाच्या झोपड्यांत, राहिलेले. ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात संध्याकाळी आट्यापाट्या रंगायच्या. तिथं गड्यांना तोटा नव्हता. गावाकडे मात्र त्या चार-पाच महिन्यांत म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं, नऊसुद्धा जमायचे नाहीत. म्हणून यांनी असा खेळ केला, की फडावरचा आणि गावातला एकाच डावात यावा. अठरा भरल्याशिवाय डाव सुरू होत नाही. भरेपर्यंत गडी जिथं थांबतात त्या जागेला 'पार' नाव दिलं. तिथं एकमेकांना लिहिता येतं, डावात बोलताही येतं. खूप जणांनी यांना सांगितलं की कमी पडले तर कॉम्प्युटरचे गडी घाला, सगळ्या खेळांत घालतात. यांचं उत्तर एकच असायचं. माणूस नसेल तर डाव नाही.

आज कडूबाईंना फोन केला. त्या आमच्या जुन्या गडी, सूर पाटीवर, म्हणजे मधल्या उभ्या पाटीवर, उभ्या राहतात. सध्या बेलापूरकडच्या फडावर आहेत. म्हणाल्या, "आमच्या कोप्यांवरली समदी आता ती गोळ्या मारायची गेम खेळत्यात, वहिनी. तेरा दिस हात बांधून कोन बसंल? एक गेला तिकडं, त्याच्या मागं दुसरा गेला."

खरं असेल. पण तेव्हा दुसरं काय करता आलं असतं? शिवाय थंडीही जास्त आहे यंदा. बोटं चालत नसतील.

९ डिसेंबर, सोमवार

सव्वीस. अठरांचा एक डाव भरला. आठ जण पारावर बसून राहिले. वीस मिनिटं वाट पाहून त्यातले सहा गेले. डाव संपल्यावर खेळणाऱ्यांतले पाच गेले. मग दुसरा डाव भरेचना. मी 'थोडं थांबा, येतील' असं लिहीत होते. येणारं कुणी नव्हतं.

भाऊजी घरी येऊन गेले. चहा घेतला. एरवी ते कमी बोलतात, आज त्यांनी समजावून सांगितलं. लोक खेळाला कंटाळत नाहीत, वाट बघायला कंटाळतात. एक गेला की मागे उरलेल्यांची वाट आणखी लांबते, म्हणून दुसरा जातो. खेळात काही बिघडलेलं नसतं, तरी तो रिकामा होतो. त्यांनी दोन उपाय सांगितले. एक म्हणजे चार-चार गड्यांचा लहान डाव करायचा. दुसरा म्हणजे कमी पडतील तितके कॉम्प्युटरचे गडी.

मी दोन्हीला नाही म्हटलं. चार जणांच्या कसल्या आट्यापाट्या? आणि दुसरं तर यांनी कधीच होऊ दिलं नसतं.

भाऊजी म्हणाले, "मार्चअखेरपर्यंत सर्व्हरचं भाडं भरलेलं आहे. तोवर तुम्ही म्हणाल तसं."

मी मनाशी ठरवलं आहे. दोनशे नको. रोज अठरा आले पाहिजेत. अठरा आहेत तोवर यांचा खेळ आहे. त्याखाली गेला तर नाही.

२२ डिसेंबर, रविवार

एकोणीस. एक जण दोन तास पारावर एकटा. कोण ते कळलं नाही, नाव इंग्रजी अक्षरांत होतं.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

सोळा. डाव झाला नाही. पहिल्यांदाच.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. गल्लीत बायकांची ये-जा चालू होती. आमच्या दाराशी कुणी थांबलं नाही, आणि माझीही तशी अपेक्षा नव्हती.

दिवसभर फोन केले. लग्नाचं आवतण देतात तसं एकेकाला नावानं बोलावलं. पंचावन्न जणांना केले, एकेचाळीस जणांनी उचलले. कुणीही नाही म्हटलं नाही. सगळे म्हणाले, येतो ना ताई, का नाही येणार. शेवगावच्या एका मास्तरांनी तर यांची आठवण काढून डोळ्यांत पाणी आणलं. फक्त प्रत्येकानं शेवटी विचारलं, बाकीचे येणार आहेत ना? मी म्हटलं, सगळ्यांना सांगितलं आहे. ते म्हणाले, मग झालं, ते आले की मी आहेच.

संध्याकाळी चौदा आले. मी पारावर लिहिलं, चारच कमी आहेत. पंधरा मिनिटांनी लिहिलं, सहा कमी आहेत.

एकेचाळीस माणसं मला तोंडावर नाही म्हणू शकली नाहीत. त्यांना काय बोलणार.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज अठरा झाले.

आधी बारा होते. सव्वासातला एकामागून एक सहा जण आले. सहाही नवे. डाव भरला. मी मागच्या खोलीत बसून पूर्ण डाव पाहिला. नवे गडी चांगले खेळतात, जरा सावकाश, पण कुणी मध्येच सोडून गेलं नाही. पारावर काही बोलले नाहीत. लाजत असतील. पहिल्या दिवशी कोण बोलतं?

भाऊजींना फोन केला. "हो का? छान झालं," म्हणाले, आणि क्लासचे कॉम्प्युटर विकायचं काय ठरलं ते विचारू लागले. त्यांचा आवाज दमल्यासारखा वाटला. नोकरी सांभाळून किती करतात.

आज रात्री भाजी-भाकरी दोन्ही केलं. इतके दिवस एकच काहीतरी करत होते.

२५ जानेवारी, शनिवार

नऊ दिवस झाले, रोज अठरा. आपले जुने कधी बारा येतात, कधी अकरा, काल दहा. नवे मात्र नेमके पुरतात. काल आठ आले, आज आपले अकरा होते तर सात आले. डाव अडत नाही. एवढा अंदाज त्यांना कसा येतो कोण जाणे. एकमेकांच्या ओळखीचे असतील, एखाद्या कारखान्यावरचे. मी त्यांना पारावर लिहिलं, तुम्ही कुठले? उत्तर आलं नाही. त्यांची आपली एक शिस्त आहे, सव्वासातला येतात आणि डाव झाला की जातात. अशी माणसं यांना फार आवडली असती.

गावी आत्याबाईंना फोन करून सांगितलं की खेळ पुन्हा भरतोय. त्यांना त्यातलं कळत नाही, पण बरं वाटलं. म्हणाल्या, "मंग जेवत जा आता."

२ फेब्रुवारी, रविवार

आपले सहा होते. नवे बारा.

डाव संपल्या संपल्या कडूबाईंचा फोन आला. आवाजात राग होता.

"वहिनी, ती मानसं न्हाईत."

मी विचारलं, कोण?

"ती नवी. बाराच्या बारा. कवाधरनं बघतीया मी. आज एकाला पाटीवर आडवलं, आन त्याच्या आयवरनं बोलले. गप. दुसऱ्याला बोलले, त्यो बी गप. कुनी म्हनत न्हाई का माझा हात लागला न्हाई, कुनी म्हनत न्हाई का परत घ्या. रडीचा डाव खेळत न्हाई असा गडी कुटं आसतो व्हय? जित्त्या मानसाचं काम न्हाई ते."

मी म्हटलं, शांत स्वभावाचे असतील.

"बारा बी? आमच्या कोप्यांवर दोन घरं हायेत, भांडल्याबिगर त्यांचा दिस जात न्हाई. आन हितं बारा गडी आन एक शिवी न्हाई? आमी दिसभर मोळ्या वाहून येतो ते कुनासंगं तरी भांडायला येतो. मशिनीसंगं काय भांडायचं? उद्याच्याला मी येनार न्हाई, सांगून ठिवते. दादा आसते तर त्यांनाबी हेच बोलले आसते."

फोन ठेवून मी मागच्या खोलीतला दिवा बंद केला. गेल्या सतरा दिवसांचे आकडे पुन्हा पाहिले. प्रत्येक दिवशी बेरीज बरोबर अठरा. एकदाही एकोणीस नाही. माझी बी.कॉम.ची पदवी आहे, हजेरीची वही मीच भरते, आणि हे मला दिसलं नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

सावेडीला भाऊजींकडे गेले. ते ऑफिसातून नुकतेच आले होते. मी काही विचारायच्या आधीच त्यांच्या बायको, विजया वहिनी, म्हणाल्या, "मीच यांना सांगत होते, वहिनींना सांगून टाका."

पहिले दोन दिवस ते सहाही गडी भाऊजींच्याच घरातले होते. भाऊजी दोन मोबाईलवर, विजया वहिनी दोनवर, त्यांची मुलगी रुचा दोनवर. रुचाची परीक्षा आहे, विजया वहिनींना कुकर आणि पाट्या एकदम जमेना. तिसऱ्या दिवसापासून भाऊजींनी कॉम्प्युटरचे गडी घातले. कमी पडतील तितके, बरोबर सव्वासातला.

मी रागावले नाही. काढून टाका म्हटलं.

ते म्हणाले, काढले तर सहा राहतील. मी म्हटलं, राहू देत. यांचा नियम होता.

भाऊजी चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "वहिनी, कानिफचा नियम नंतरचा आहे. खेळ नवा होता तेव्हा कोण होतं? सुरुवातीचे तीन-चार महिने अठरातले दहा-बारा गडी कानिफचेच असायचे, काही त्याच्या हातातले, बाकी कॉम्प्युटरचे. माणसं दिसली म्हणून माणसं आली. खरे अठरा जमायला लागल्यावर त्यानं सगळे खोटे पुसले आणि नियम केला."

मी उठले. घरी आले.

भाऊजींनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं असणार. हे माझ्यापासून काही लपवत नव्हते. सुरुवातीला महिनोन्‌महिने हे संध्याकाळी तीन-तीन मोबाईल मांडून मागच्या खोलीत बसायचे, दार लोटून घ्यायचे, ताट गार होऊन जायचं. पण ते टेस्टिंग होतं. त्यांनी मला तसं सांगितलं होतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पाच. कडूबाई आल्या नाहीत. त्यांना फोन करून सांगितलं की काढले आहेत. म्हणाल्या, बरं केलं, पण आता डाव कुणासंगं?

११ फेब्रुवारी, मंगळवार

चार. बारावीची परीक्षा आजपासून आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दोन. त्यातली एक मी.

मी कधी खेळले नव्हते. पारावर दुसरं कुणीतरी बसलं होतं, ते एकटं दिसू नये म्हणून आत गेले. काय लिहावं कळेना. 'जेवण झालं का' असं लिहिलं. त्यानं लिहिलं, 'हो. तुमचं?' मी 'हो' लिहिलं. नंतर दोघंही काही बोललो नाही.

१ मार्च, शनिवार

भाऊजींशी बोलले. त्यांनी घाई केली नाही, महिनाअखेरपर्यंत थांबता येईल म्हणाले. कशासाठी थांबायचं? पुढच्या रविवारी शेवटचा दिवस ठरवला. मामांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "तुला काय वाटंल ते कर, बाय. आमी सांगितल्यालं लई झालं." त्यांना काय म्हणायचं होतं ते कळलं नाही.

सूचना लिहिली. 'नऊ पाट्या ९ मार्चला कायमचा बंद होत आहे. आजवर खेळलात त्याबद्दल आभार.' दुसरं काही सुचलं नाही.

९ मार्च, रविवार

तीनशे बारा.

खरंच लिहिते आहे. तीनशे बारा गडी आले. भाऊजी, विजया वहिनी, रुचा आमच्याकडेच होते. साडेसहालाच पारावर साठ जण होते. सात वाजता एका वेळी सतरा डाव चालू होते आणि सहा जण वाट पाहत होते. यांच्या वेळीही एवढे कधी आले नाहीत.

शेवगावचे मास्तर आले. संक्रांतीला फोन केलेले जवळजवळ सगळे आले. ज्यांची नावं मी विसरले होते ते आले. कडूबाईंच्या कोप्यांवरची सगळी आली आणि त्यांनी एवढा आरडाओरडा केला की रुचाला मोबाईलचा आवाज कमी करावा लागला. एक जण ओरडत होता, हात लागला न्हाई, आईची आन लागला न्हाई. कडूबाई म्हणत होत्या, ऊठ, नीघ, तुझ्या बापानं बघितलाय. भाऊजी हसले. चार महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

पारावर लोक लिहीत होते. कानिफदादांसारखा माणूस होणे नाही. आमचं बालपण परत दिलं. बंद करू नका. असा खेळ दुसरा नाही. मी वाचता वाचता उठून पाणी प्यायले. मागच्या नोव्हेंबरात दहाव्याच्या दिवशीही अशीच गर्दी झाली होती. ज्यांनी वर्षभर फोन केला नव्हता ते जीप करून आले होते.

नऊ वाजता बंद करायचं होतं. मी भाऊजींना म्हटलं, एक दिवस आणखी ठेवूया. उद्या बघूया.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. विजया वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "ठेवू."

मी पारावर लिहिलं, तुमच्या आग्रहामुळे खेळ उद्याही चालू राहील. खाली भराभर उत्तरं आली. उद्या नक्की. उद्या शंभर टक्के. मी मोजली. दोनशे सहासष्ट.

१० मार्च, सोमवार

सकाळी मागची खोली झाडली. यांची खुर्ची पुसली आणि पहिल्यांदा तिच्यावर बसले, कारण आज बराच वेळ बसावं लागेल असं वाटलं.

सात वाजता एक. सव्वासातला तीन. साडेसातला चार. पारावर खेळाची आपोआप उमटणारी ओळ येत होती, चौदा गडी कमी आहेत.

आठ वाजता कडूबाईंना फोन केला. म्हणाल्या, "काल झालं की, वहिनी. काल दादांसाटनं आलो आमी समदी." मी म्हटलं, बरं.

ते चौघं गेले नाहीत. एकमेकांना ओळखत नव्हते. एकानं लिहिलं, 'येतील.' दुसऱ्यानं लिहिलं, 'थांबू थोडं.' प्रत्येकाला वाटत असणार की बाकीचे तिघे बसले आहेत, आपण कसं उठायचं. मीच त्यांना काल उद्याही खेळ आहे म्हणून सांगितलं होतं. मी असेपर्यंत ते जाणार नव्हते, आणि ते असेपर्यंत मी.

पावणेनऊला भाऊजींचा फोन आला. त्यांच्याकडेही आकडा दिसत होता. म्हणाले, "ते चौघं निघाले की बंद करतो."

मी म्हटलं, "ते निघणार नाहीत, भाऊजी. तुम्ही करा बंद."

"असेच? आत असताना?"

"हो."

त्यांनी विचारलं, काही लिहायचंय का त्यांना? मी नाही म्हटलं. काही लिहिलं असतं तर ते आणखी थांबले असते.

आठ सत्तेचाळीसला पार दिसेनासा झाला. मोबाईलवर आलं, जोडणी तुटली आहे, पुन्हा प्रयत्न करा. मी दाबलं. पुन्हा तेच आलं. पुन्हा दाबलं. त्या चौघांनीही दाबलं असेल.

नंतर मागच्या अंगणातलं धुणं आत आणलं. सकाळीच वाळलं होतं.